न दुखणारी गाठ

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना बैलबाजाराचे किस्से हवे होते. "हसवणारे असले तर उत्तम," ते म्हणाले. मी म्हटलं, लिहितो, पण मला एका गाठीबद्दलही लिहायचं आहे. ती माझ्या जांघेत निघाली आणि तिचं नाव लिम्फोमा. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, दिवाळीच्या अंकात कॅन्सर कसा चालेल? मी छत्तीस वर्षं बैलांची दलाली केली आहे. समोरचा गप्प राहिला की तो किती खाली येणार हे मला कळतं. शेवटी ठरलं ते असं: बैल येतील, गाठही येईल, रडगाणं येणार नाही. शेवटची अट त्यांची. ती पाळायचा प्रयत्न करतो. पण भीती अजून गेलेली नाही, ती मधूनमधून दिसेल. तेवढी सूट मी न विचारता घेत आहे.

माझ्या बापाकडे स्वतःचा बैल कधी नव्हता. माझ्या हाताखालून किती बैल गेले याचा मी हिशेब ठेवलेला नाही. साकोलीच्या आसपासच्या बाजारांत मला 'देवराम दलाल' म्हणून ओळखत. तोंड खराब, पण हात चांगला, अशी माझी ख्याती होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दलाल म्हणजे भाव चढवणारा किंवा पाडणारा. भाव शेवटी येतो. खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा, खाली एकमेकांची बोटं धरायची, आणि भोवती उभ्या असलेल्या वीस जणांना न कळता सौदा करायचा. त्याच्या आधी बैल पाहावा लागतो, आणि पाहायचा तो हातानं. कारण डोळ्यांना फसवायची सगळी सोय विकणाऱ्यानं केलेली असते. बाजाराच्या सकाळी बैलाला मीठ चारून पोटभर पाणी पाजतात, म्हणजे कूस भरलेली दिसते. शिंगं काचेनं तासून तेल चोळतात, म्हणजे म्हातारा बैल तरणा होतो. नुसत्या नजरेवर धंदा करणारा दलाल वर्षभरात घरी बसतो.

मी मानेपासून सुरुवात करायचो. खांदा, छाती, फासळ्या, आणि मग मागच्या मांडीच्या पुढं कातडीची घडी असते तिथपर्यंत. कुठं जुनी जखम, सूज, गाठ असली तर बोटाला लागते. लागली की अंगठा दाबायचा. पण नजर अंगठ्यावर ठेवायची नाही, बैलाच्या कानावर ठेवायची. दुखत असेल तर कान फिरतो, कातडी थरथरते. कान जागचा हलला नाही तर ती अंगची गाठ, जन्माची, कामाला आड न येणारी. पुढं चला. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मीच बघून बघून शोधलं होतं, म्हणून त्याचा मला फार गर्व होता. दोन दलालांत वाद झाला तर तिसरा म्हणायचा, देवरामचा हात फिरू द्या.

आता कोंढ्याच्या सदाशिवची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

वीसेक वर्षांपूर्वी सदाशिव माझ्याकडून एक बैल घेऊन गेला. पांढरा, कपाळावर काळा ठिपका, नाव चांद्या. सदाशिव धानाचा शेतकरी, बोलायला सावकाश, पण घ्यायला आलेला माणूस जितकं बघतो त्याच्या दुप्पट बघणारा. त्यानं स्वतः हात फिरवला आणि मांडीपुढच्या घडीत थांबला.

"देवराम, इथं गाठ लागते गा."

मी अंगठा लावला. सुपारीएवढी गाठ होती, बोटाखाली रबरासारखी सरकत होती. मी जोर देऊन दाबली. कान हलला नाही. पुन्हा दाबली. बैल रवंथ करत उभा.

"दुखते का त्याले?" मी विचारलं. "पाह्य ना कानाकडं. दुखत नाई तं खोट कायची? अंगची गाठ हाय. मी सांगतो ना."

'मी सांगतो' म्हटलं की त्या बाजारात विषय संपत असे. सौदा झाला. चार महिन्यांत बैल खंगला, आणि धानाच्या रोवणीआधी बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, चिखल करताना जुवासकट बसला तो उठलाच नाही.

सदाशिव बाजारात आला. मी दुसऱ्या सौद्यात होतो, दुपट्ट्याखाली माझी बोटं गिऱ्हाइकाच्या हातात होती. त्यानं सगळ्यांसमोर तो दुपट्टा ओढून काढला. आमच्या धंद्यात एखाद्याचं धोतर ओढण्यासारखं आहे हे. आणि म्हणाला, "तुह्या हात आंधळा हाय."

मी काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. तू बैलाला चारलं नाहीस, उपाशी मारलास, असं म्हटलं हे मात्र सांगतो, कारण ते खोटं होतं आणि मला तेव्हाही माहीत होतं. त्यानंतर वर्षभर गिऱ्हाइकं माझा हात फिरून झाला की मागून आपला हात फिरवायची. कोणी काही बोलत नसे. नुसतं फिरवायची. मी कोंढ्यात पाय ठेवला नाही. त्या बाजूचं गिऱ्हाईक आलं तर दुसऱ्याकडे पाठवायचो. ट्रॅक्टर आले, बाजार आटला, मी निवृत्त झालो, पण ते वाक्य निवृत्त झालं नाही. माझं म्हणणं एकच होतं: सदाशिवनं बाजारात शब्द टाकला, बाजारातच तो परत घ्यावा.

आणखी एक गिऱ्हाईक सांगतो. बपेऱ्याकडची एक म्हातारी, राज्याच्या हद्दीवरची, अर्धं हिंदी बोलणारी. तिनं बैलाला हातच लावला नाही. "तुम्ही हात फिरवा भाऊ, मी चाल देखते," म्हणाली, आणि बैलाला बाजाराच्या तीन फेऱ्या मारायला लावून स्वतः मागून चालली. मग म्हणाली, "ह्याचा मांगचा उजवा पाय उशिरा उचलते. चिखलात फसंल." मी तिच्यावर ओरडलो. ती हसून निघून गेली. तो बैल दुसऱ्यानं घेतला आणि रोवणीत परत आणला. उजवा मागचा पाय.

अशीच मागून चाल बघणारी बाई माझ्या घरीही होती. हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी धान कापणीच्या दिवसांत माझ्या उजव्या पायात धानाचं खुंट घुसलं. आठ दिवसांनी आंघोळ करताना जांघेत गाठ लागली. आमच्याकडे याला अवधाण म्हणतात. पायाला काटा लागला की जांघेत गाठ येते, शेकली की जाते, लहान पोरालाही माहीत असतं. मी तिथंच अंगठा लावून दाबलं. दुखलं नाही. मी खूष झालो. खरंच सांगतो, खूष झालो. आपला नियम आपल्याच अंगावर खरा उतरला असं वाटलं. पायाची जखम भरली. गाठ राहिली. मी रोज दाबायचो आणि रोज निकाल द्यायचो: दुखत नाही, खोट नाही.

आता मला माहीत आहे ते असं. काटा लागून, पू होऊन जी गाठ येते ती बहुधा दुखते, आणि जखमेबरोबर बसते. जी दुखत नाही, रबरासारखी लागते, आणि दोन-तीन आठवडे झाले तरी बसत नाही उलट वाढते, ती डॉक्टरला दाखवायची. दरवेळी तो कॅन्सरच असतो असं नाही, बहुतेक वेळा नसतोच. पण ते ठरवणं आपल्या अंगठ्याचं काम नाही. मी छत्तीस वर्षं बरोबर उलटा नियम चालवला.

पौषात एके दिवशी सुमित्रा, माझी बायको, अंगणातून म्हणाली, "थांबा जी. फिरा. आता पुन्हा चाला."

"मी काय बाजारात उभा हाय का?"

"उजव्या पायाची चप्पल रुतून रायली तुमची. पट्ट्याचा वळ पाहा."

पाहिलं तर उजव्या पावलावर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ होता, डाव्यावर नव्हता. पोटरी घट्ट, चकचकीत. बोट दाबलं तर खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आमच्या जिल्ह्यात सुजलेला पाय दिसला की माणसं एकच नाव घेतात: हत्तीपाय. गावोगावी त्याच्या गोळ्या वाटतात, कुणाच्या ना कुणाच्या घरी तो पाय असतो. मीही तेच नाव घेतलं, गोळ्या मागून घेतल्या, आणि पुन्हा मोकळा झालो. हा रोग माहितीतला होता. माहितीतल्या रोगाची भीती वाटत नाही. तिथं माझे दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांत माझी कंबर दोन बोटं उतरली. रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम यायचा. सुमित्रा काही न बोलता पहाटे दोरीवर बनियन वाळत घालायची. एक दिवस तिनं तीन वाळत घातली आणि म्हणाली, "हे तुमचं हत्तीपायाचं शेवटचं ऐकून घेतलं. उद्या भंडाऱ्याले जाऊ. नाई तं मी एकटी जातो आनि डॉक्टरले सांगतो का माणूस घरी बसून मरून रायला."

भंडाऱ्याच्या सर्जननं पडद्याआड तपासलं. गाठ आता लिंबाएवढी होती, आणि तिच्या शेजारी आणखी दोन. त्यांनी विचारलं, "दुखते का?"

"बिलकूल नाई," मी म्हटलं. ज्या थाटात मी बैलाचे दात दाखवायचो त्या थाटात.

त्यांचा चेहरा उतरला. मी आयुष्यभर चेहऱ्यांवर पोट भरलं आहे. गिऱ्हाइकानं मनातून बैल नाकारलेला असतो पण तोंडानं अजून सांगायचं असतं, तसा तो चेहरा होता. पहिल्यांदा वाटलं, दुखायला पाहिजे होती.

तरी सवय जाते कुठं? त्यांनी सोनोग्राफी केली, मग सुईनं थोडा भाग काढून तपासला. अहवाल आला: नक्की सांगता येत नाही. ते म्हणाले, पूर्ण गाठ काढून तपासावी लागेल. मी म्हटलं, पुन्हा सुईच टोचा ना, जरा मोठी घ्या. ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, मग अर्धी काढा.

"देवरामजी, तुम्ही दलाली करायचात ना? नुसतं शेपूट बघून बैल घेतला कधी?"

सुमित्रा कोपऱ्यात उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसली. त्या दोन महिन्यांतलं तिचं ते एकच हसू. गाठ सबंध का हवी हे त्यांनी नंतर समजावलं. सुईत सुट्या पेशी येतात. पण ह्या रोगाची ओळख पेशी कशा मांडल्या गेल्या आहेत त्यावरून पटते, आणि त्यासाठी सबंध गाठ मिळाली तर उत्तम. भाताचं एक शीत बघून कळतं की शिजलंय का. पण बांधीत रोवणी ओळीत झाली की नाही हे एका रोपावरून कळत नाही. हे उदाहरण माझं आहे. डॉक्टरांना आवडलं.

गाठ काढली. अहवालाला वेळ लागणार होता. ते दिवस मला सांगता येत नाहीत. घराच्या ओसरीवर खाट टाकून मी पडून राहायचो. फोन वाजला की भीती वाटायची, नाही वाजला की जास्त. बाजारात मी गिऱ्हाइकाला मुद्दाम ताटकळत ठेवायचो, चहा प्यायला निघून जायचो, म्हणजे तो नरम पडायचा. ओसरीवर मला ती सगळी ताटकळलेली माणसं आठवली.

निकाल आला: लिम्फोमा. पुढं नागपूर.

नागपूरच्या कॅन्सरच्या डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. चष्मा, आवाज बारीक, आणि शब्दाला पक्क्या. त्यांनी कागदावर माणूस काढला आणि त्यावर ठिपके दिले: मानेला, काखेत, पोटात, जांघेत. "रक्तासारखं आणखी एक पाणी अंगात फिरत असतं," म्हणाल्या. "ते ह्या गाठींतून गाळून पुढं जातं. प्रत्येकाच्या अंगात ह्या गाठी असतात. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथं राहतात. लिम्फोमात त्याच पेशी बिघडतात आणि वाढतच जातात."

"मंग पाय काहून सुजला?" सुमित्रानं विचारलं.

मीच उत्तर दिलं. बांधाचं तोंड बुजलं की वरच्या बांधीत पाणी साचतं. पायाचं पाणी जांघेतून वर जातं, आणि जांघेत तोंड बुजलं होतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, अगदी असंच. मग त्यांनी सांगितलं की ह्या रोगाचे कितीतरी प्रकार आहेत आणि नेमका कोणता ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही, म्हणून त्याच गाठीची आणखी एक तपासणी होईल. काही प्रकार वर्षानुवर्षं सावकाश चालतात, काही धावतात. माझा धावणारा निघाला. त्या म्हणाल्या, धावणारा असला तरी औषधाला चांगलं उत्तर देणारा आहे. मी विचारलं, किती चांगलं? त्या म्हणाल्या, "आकडा माणसांच्या घोळक्याचा असतो. तुमचा एकट्याचा मी कसा सांगू?"

बाहेरच्या बाकांवर माणसं बसली होती, सगळ्यांचे कान आमच्याकडे. मला काय सुचलं कोण जाणे. मी खांद्यावरचा दुपट्टा त्यांच्या टेबलावर माझ्या हातावर टाकला आणि म्हटलं, "बाई, सगळ्यांसमोर नका सांगू. खालून बोटं दाबा. सोळा आण्यांतले किती?"

त्यांना काही कळेना. सुमित्रानं बाजाराची रीत सांगितली. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी दुपट्ट्याखाली हात घातला आणि माझी सगळी बोटं एकदम मुठीत धरली. बाजारात असा आकडा नसतो. "हे काय झालं?" मी म्हटलं. "सहा वेळा औषध," त्या म्हणाल्या. "एकही चुकवायचं नाही."

"चार करा."

"सहा."

"पाच, आनि पथ्य कडक पाळतो."

"देवरामजी, सहा."

माझ्यासमोर बसून एक आणाही खाली न आलेलं हे पहिलं माणूस.

उपचाराबद्दल वाचकांनी घाबरू नये इतपत सांगतो. दर तीन आठवड्यांनी एक दिवस शिरेतून औषध. त्यातलं एक लाल असतं, ते गेलं की लघवीही लाल होते. पहिल्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी संडासात ओरडलो. दुसऱ्या औषधानंतर केस उशीवर राहिले, मिशीसकट. तोंडाला फोड आले, ताप आला की लगेच दवाखाना, कारण त्या दिवसांत अंगाची लढायची ताकद उतरलेली असते. सोबत पाच दिवस गोळ्या असायच्या. डॉक्टर बाईंनी सांगितलं, ह्या गोळ्यांनी भूक वाढते आणि चिडचिड वाढू शकते. सुमित्रा म्हणाली, "भूक वाढंल. चिडचिडीले वाढाले यायच्यात जागा कुठी हाय?" गावात दोन घरांनी आमच्याकडचा चहा बंद केला. हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे मी त्यांच्या दारात जाऊन ओरडून सांगितलं. त्यानं त्यांची खात्री पटली नसावी.

चौथ्या वेळी शेजारच्या खुर्चीवर औषध घेणारा माणूस आपल्या काखेतल्या गाठीबद्दल सांगत होता. "सुपारीएवढी होती, रबरासारखी. दुखत नव्हती हो, म्हणून तर." आणि मला एकदम चांद्या दिसला. रवंथ करत उभा, कान न हलवता.

मी सुई लावलेल्या हातानंच आमच्या बाजारात पूर्वी येत असलेल्या, गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आता निवृत्त आहेत. त्यांना गाठ कुठं होती, कशी लागत होती, बैल कसा खंगला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जनावरालाही हा रोग होतो, देवराम. मांडीपुढच्या त्या घडीत गाठ असतेच, ती अशी वाढते. पण त्याची गाठ कुणी कापून पाहिली नाही, तेव्हा खात्रीनं कसं म्हणू?"

खात्री त्यांना नव्हती. मला होती.

अठरा वर्षं मी एका वाक्याचा राग पोसला होता, आणि ते वाक्य खरं होतं. हे कळल्यावर माणूस शांत होतो असं म्हणतात. मी झालो नाही. उलट चिडलो. खरं असलं तरी दुपट्टा ओढायचं काय कारण होतं?

सहा पूर्ण झाली. सुरुवातीला झाला होता तसा पुन्हा मोठा स्कॅन झाला. त्यात अंगात साखरेसारखं औषध टोचतात, आणि जिथं रोग असेल तिथं चित्रात दिवे लागतात. पहिल्या चित्रात माझ्या जांघेत आणि पोटात दिवाळी होती. आता अंधार. मी डॉक्टर बाईंना म्हटलं, म्हणजे बरा झालो म्हणा. त्या म्हणाल्या, "सध्या रोग दिसत नाही." मी म्हटलं, 'सध्या' काढा. त्यांनी काढला नाही. मी अर्धा तास त्या एका शब्दावर बसलो. सौदा झाला नाही. दर तीन महिन्यांनी यायचं ठरलं, आणि प्रत्येक वेळी आधीचे आठ दिवस मला जेवण जात नाही.

स्कॅननंतरच्या आठवड्यात मी कोंढ्याला गेलो. सुमित्रानं विचारलं, कायले? मी म्हटलं, हिशेब मिटवायला. ती म्हणाली, भांडाले जाऊन रायले तर डबा नाई देत. मी डब्याशिवाय गेलो.

रोवणी चालू होती. बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या, सदाशिव बांधावर बसून रोपांच्या जुड्या पुढं करत होता. म्हातारा झाला होता. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, तोंडाला मास्क, असा मी समोर उभा राहिलो.

"गोळ्या वाटाले आले का जी?" तो म्हणाला. "आमी घेतल्या मागच्या खेपेले."

"मी देवराम."

"कोन देवराम?"

हे मी धरलं नव्हतं. बसमध्ये बसून मी त्याची दहा वाक्यं आणि माझी दहा उत्तरं तयार केली होती. "देवराम दलाल! साकोलीकडचा!"

"हां हां. बैलवाला." त्यानं निरखून पाहिलं. "केस कुठी गेले बाप्पा तुह्ये?"

मी मास्क काढला, बांधावर बसलो, आणि जे बोलायला आलो होतो ते एका दमात बोललो. बाजारात तू मला म्हणाला होतास की माझा हात आंधळा आहे. तो होता. चांद्याचाच रोग मला झाला, तरी त्या हाताला कळला नाही. आज तुझ्या बांधीत येऊन सांगतो.

सदाशिवनं हातातली जुडी खाली ठेवली. "असं मी म्हणलो?"

"म्हणला! दुपट्टा ओढून म्हणला! सगळ्या बाजारानं ऐकलं!"

"असंन गा," तो म्हणाला. "मले आठवत नाई. बोललो असंन तपलो तं."

मला इतका संताप आला की उठून निघालोच होतो. अठरा वर्षं! कोंढ्याची वाट सोडून मी फेऱ्यानं पवनीला जात होतो, आणि ह्या माणसाला आठवत नाही. रोवणाऱ्या बायांतली एक माझ्याकडे बघून हसली. मी चप्पल चिखलातून उपसत होतो तेव्हा मागून तो म्हणाला, "चांद्या आठवते मले."

मी थांबलो.

"त्या तिकडच्या बांधीत बसला तो. मी त्याले तुतारी मारली बे, आरीची काठी. उठत नव्हता म्हणून मारली. मंग पाहिलं तं गाठ एवढी झाली होती." त्यानं मूठ दाखवली. "एवढी गाठ घेऊन चार महिने मी त्याले जुतलं. रोज जुतलं. घरचे म्हणत, जनावर हाय, इसर. आता तुले बी तोच रोग झाला म्हनतो तं तुले माहीत असंन. दुखत असंन का रे त्याले?"

त्याचा सगळा प्रश्न तेवढाच होता. माझ्या हाताबद्दल त्याला काही विचारायचं नव्हतं.

त्या बाजारात 'मी सांगतो' म्हटलं की विषय संपायचा. तो शब्द मी अठरा वर्षं वापरला नव्हता. मी परत बांधावर येऊन बसलो.

"गाठ दुखत नव्हती, सदाशिव. मी सांगतो. थकवा यायचा असंन त्याले, पाय जड होत असंन. पण गाठ दुखत नाई. दाबली तरी नाई."

"शेवटपर्यंत?"

"शेवटचं मले माहीत नाई," मी म्हटलं. "मी अजून तिथवर गेलो नाई."

त्यानं मान हलवली. मग रोपांची एक जुडी माझ्याकडे सरकवली, आणि मी ती पुढच्या बाईच्या हातात दिली.